आलेखातलं अक्कलकोट का मोडतं?

सोलापूर नीट उमटतं, अक्कलकोट मोडतं. पायथन या संगणकभाषेतल्या मॅटप्लॉटलिब या आलेखसाधनावर पावसाचा साधा स्तंभालेख काढा आणि त्याला ही दोन्ही नावं असलेलं मराठी शीर्षक द्या. पहिल्या खेपेला दोन्ही गावांच्या जागी नुसत्या चौकटी येतील. देवनागरी फॉन्ट जोडला की चौकटी जातात, ‘सोलापूर’ पुस्तकात छापल्यासारखं दिसतं आणि आपण हुश्श करतो. त्याच फॉन्टात ‘अक्कलकोट’ मात्र ‘अक्‌कलकोट’ होऊन येतं. पहिल्या क चा पाय मोडलेला आणि दुसरा क शेजारी सुटा. आडव्या अक्षावरच्या महिन्यांचंही तेच. जून-जुलै सुखरूप, पण ऑगस्टमधला स्ट आणि सप्टेंबरमधला प्ट फुटलेला. आपल्या सोलापूर भागात खरा पाऊस सप्टेंबरातच पडतो, त्यामुळे सगळ्यात उंच स्तंभाखालचं नावच नेमकं बिघडलेलं असतं.

या घोळावर शाळा-कॉलेजांत दोन तोडगे रूढ आहेत. एक, ‘जाऊ द्या’ म्हणून सगळी नावं इंग्रजीत टाकायची. दुसरा, आलेखाचा स्क्रीनशॉट काढून वर्डमध्ये चिकटवायचा आणि त्यावर मराठी मजकुराच्या चौकटी बसवायच्या. पान एका संगणकावरून दुसऱ्यावर गेलं की या चौकटी सरकतात आणि जुलैचं नाव ऑगस्टच्या स्तंभाखाली जाऊन बसतं. मला दोन्ही तोडगे पटत नाहीत, कारण मूळ बिघाड शोधणं फारसं अवघड नाही. ‘फॉन्टचा प्रॉब्लेम आहे’ या एका वाक्यात आपण चार-पाच वेगळे बिघाड कोंबतो. त्यातला प्रत्येक बिघाड दिसायला वेगळा असतो, आणि नेमकं काय बिघडून दिसतंय ते नीट पाहिलं तर दोष कुठे आहे हे बहुतेक वेळा तिथेच कळतं.

अक्कलकोटसारख्या ठिकाणी हे दुखणं दुहेरी आहे. तालुका कर्नाटकाच्या सीमेला लागून. मराठी शाळा आहेत, कन्नड शाळा आहेत, आणि सेमी इंग्रजीच्या वर्गांत गणिताची सूत्रं रोमन आणि ग्रीक अक्षरांत शिकवली जातात. समजा, इथल्या एखाद्या बाईंना दहावीच्या मुलांसाठी दोन आलेख करायचे आहेत, एक तालुक्याच्या पावसाचा आणि एक साइन-टॅनचा. पहिल्यात देवनागरी जोडाक्षरं अडवतात, दुसऱ्यात गणिताची चिन्हं.

मॅटप्लॉटलिब जॉन हंटर यांनी २००३ साली लोकांपुढे आणलं. ते मज्जाशास्त्राचे संशोधक. शिकागोत अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी तपासताना त्यांना फुकट आणि चांगलं आलेखसाधन हवं होतं. त्यांना लेबलं इंग्रजीत पुरेशी होती आणि सूत्रं ग्रीक अक्षरांत. हा जन्मदाखला लक्षात ठेवला की पुढचं बरंच काही उलगडतं.

आधी चौकट. फॉन्ट म्हणजे आकारांची पेटी. मागितलेला आकार पेटीत नसेल तर त्या जागी कोरी चौकट येते. मॅटप्लॉटलिबचा ठरलेला फॉन्ट २०१७ पासून, म्हणजे २.० आवृत्तीपासून, ‘डेजावू सान्स’ आहे. त्यात रोमन, ग्रीक, रशियन आणि गणिती चिन्हं भरपूर आहेत, देवनागरी नाही. अशा वेळी प्रोग्रॅम गप्प बसत नाही. ‘ग्लिफ २३०९ मिसिंग’ अशी सूचना तो देतो. आलेख तर आला ना, म्हणून आपण ती वाचत नाही, पण निदान त्या आकड्यातच असतं. युनिकोडमध्ये देवनागरीला २३०४ ते २४३१ हे क्रमांक दिलेले आहेत, कन्नडला ३२०० ते ३३२७. २३०९ म्हणजे अ. सूचनेत तेवीसशे-चोवीसशेच्या घरातला आकडा दिसला तर देवनागरी फॉन्ट मिळालेला नाही. बत्तीसशेच्या घरातला असेल तर कन्नड मिळालेला नाही.

विंडोजवर ‘निर्मला यूआय’ बहुधा असतोच. तो विंडोज ८ पासून सोबत येतो. गूगल कोलॅबवर काम करत असाल तर मात्र आपल्या संगणकातले फॉन्ट तिथे उपयोगाचे नाहीत, कारण प्रोग्रॅम चालतो दूरच्या सर्व्हरवर. तिथे फॉन्टची फाइल चढवावी लागते आणि फॉन्ट-मॅनेजरच्या ‘ॲडफॉन्ट’ या आज्ञेने तिची ओळख करून द्यावी लागते. स्वतःच्या संगणकावर नवा फॉन्ट बसवूनही ‘फॉन्ट फॅमिली नॉट फाउंड’ येत राहिलं तर दोष फॉन्टचा नसतो. मॅटप्लॉटलिब फॉन्टांची यादी एकदाच करून ठेवतं आणि पुढे तीच वाचतं. कॅश फोल्डरमधली ‘फॉन्टलिस्ट’ नावाने सुरू होणारी फाइल उडवली की यादी नव्याने तयार होते. गूगल फॉन्ट्सवरून घेतलेली फाइल ‘व्हेरिएबल’ प्रकारची असेल तर ठळक अक्षर मागूनही साधंच मिळतं. मॅटप्लॉटलिबला अशा फाइलमधलं एकच वजन कळतं. म्हणून स्थिर वजनांच्या सुट्या फाइली घ्याव्यात.

देवनागरी फॉन्ट लागला की कधीकधी उलटाच प्रकार होतो. मराठी दिसतं आणि आकड्यांमागचं उणे चिन्ह चौकट होतं. आपण कीबोर्डवरून टाकतो तो हायफन. मॅटप्लॉटलिब अक्षावर खरं गणिती उणे चिन्ह काढतं, त्याचा युनिकोड क्रमांक ८७२२, आणि काही देवनागरी फॉन्टांत ते नसतं. अक्कलकोटच्या तापमानाच्या आलेखात उणे यायची वेळच येत नाही, म्हणून हा बिघाड तिथे लपून राहतो. साइनचा आलेख काढला की उणे एकच्या जागी तो उघडा पडतो. ‘ॲक्सेस.युनिकोड_मायनस’ ही सोय बंद केली तर काम भागतं, पण मग उणे चिन्ह आखूड, हायफनसारखं दिसतं. त्यापेक्षा फॉन्टांची ओळ लावणं बरं: आधी देवनागरी, मागे डेजावू. २०२२ साली आलेल्या ३.६ आवृत्तीपासून, पहिल्या फॉन्टात न सापडलेलं चिन्ह दुसऱ्यातून उचललं जातं. त्याआधीच्या आवृत्त्यांत ही सोय नव्हती, म्हणून जुनी आवृत्ती असलेल्या संगणकावर हाच उपाय चालत नाही.

आता गणित. सूत्र लिहायची रीत डोनाल्ड क्नूथ यांच्या ‘टेक’ची आहे. आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं पाहून ते इतके नाराज झाले की १९७७ मध्ये गणित जुळवणारी स्वतःची प्रणालीच लिहायला बसले. मॅटप्लॉटलिबमध्ये तिचीच धाकटी नक्कल आहे, ‘मॅथटेक्स्ट’. दोन डॉलर चिन्हांच्या मधला मजकूर सूत्र मानला जातो आणि बॅकस्लॅशनंतर चिन्हाचं इंग्रजी नाव लिहायचं असतं.

घोटाळा होतो तो मजकूर मॅथटेक्स्टपर्यंत पोचण्याआधी. पायथनही बॅकस्लॅशला खास मानतो. बॅकस्लॅशपुढे टी आला की त्याच्या लेखी तो टॅब, एन आला की नवी ओळ, बी आला की बॅकस्पेस, एफ आला की पान बदलण्याची खूण. त्यामुळे थीटा लिहिलं की टी टॅबमध्ये जिरतो आणि आलेखावर ‘हेटा’ची तिरकी रोमन अक्षरं उरतात. गुणाकाराचं ‘टाइम्स’ असेल तर ‘आइम्स’ उरतं. त्रिकोणमितीच्या आलेखात तर साइन आणि कोसाइन बिनबोभाट उमटतात आणि टॅन तेवढी मोडते, कारण एस आणि सी या अक्षरांना पायथनच्या लेखी असा काही अर्थ नाही. पाय, सिग्मा, डेल्टा दिसतात. बीटा, रो, टाऊ बिघडतात. न्यू लिहिलं तर शीर्षक दोन ओळींत तुटतं आणि डॉलरची जोडी फुटल्यामुळे डॉलर चिन्हं जशीच्या तशी छापली जातात. ‘पाय येतो म्हणजे फॉन्ट बरोबर आहे, मग थीटा का येत नाही?’ असं विचारत लोक फॉन्टमागून फॉन्ट बदलत बसतात. खरा उपाय एका अक्षराचा आहे. अवतरणचिन्हाआधी आर लिहायचा. मग पायथन बॅकस्लॅशला हात लावत नाही.

त्याच घरातल्या आणखी दोन खोडी. दहाचा बारावा घात लिहिताना बाराला महिरपी कंस घातला नाही तर फक्त एक वर चढतो आणि दोन खालीच राहतो. टेकचा नियमच तसा आहे, घातचिन्ह आपल्यापुढचं एकच चिन्ह उचलतं. आणि किमती आत बसवण्यासाठी एफ-स्ट्रिंग वापरत असाल तर पायथनलाही महिरपी कंस हवे असतात, म्हणून सूत्रातले कंस दुहेरी लिहावे लागतात. निश्चयक किंवा मॅट्रिक्स लेबलात हवी असेल तर मॅथटेक्स्टची झेप संपते. तिथे टेकवर उभं असलेलं खरं लाटेक्स जोडावं लागतं. ते जोडताना येणाऱ्या तक्रारी निराळ्या. बहुतेक वेळा लाटेक्स स्वतः, डीव्हीआय-पीएनजी किंवा सीएम-सुपर फॉन्ट यांपैकी काहीतरी बसवायचं राहून गेलेलं असतं.

प्रश्नपत्रिका टाइम्स फॉन्टात आणि आलेखातली सूत्रं गोल, जाड डेजावूत, हेही डोळ्याला खुपतं. गणिताचा फॉन्टसंच बदलून ‘स्टिक्स’ केला की सूत्रं टाइम्सशी जुळतात. हा संच विज्ञान-गणिताच्या प्रकाशकांनी आणि संस्थांनी मिळून करवून घेतला आणि २०१० मध्ये खुला केला. ‘सीएम’ हा संच घेतला तर क्नूथ यांच्या पुस्तकांचं रूप येतं.

एवढं सगळं सुधारूनही ‘अक्कलकोट’ मोडलेलंच राहतं, कारण तो बिघाड या सगळ्यांहून वेगळा आहे. संगणकात क्क हे अक्षर नसतंच. क (२३२५), हलन्त (२३८१) आणि पुन्हा क (२३२५) असे तीन क्रमांक ओळीने साठवलेले असतात. त्या तिघांचा मिळून एक जोडआकार करायचा ही माहिती फॉन्टच्या आत कोष्टकांत असते, पण ती वाचून आकार निवडणारा कोणीतरी लागतो. छापखान्यात हे काम खिळे जुळवणारा करायचा. त्याच्या खणांत जोडाक्षरांचे वेगळे खिळे असत आणि कुठला उचलायचा ते त्याच्या डोक्यात असे. संगणकात हे काम ‘हार्फबझ’सारखी लायब्ररी करते. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिबरऑफिस सगळे तिच्यावर चालतात. मॅटप्लॉटलिब वर्षानुवर्षं नुसत्या ‘फ्रीटाइप’वर चाललं. फ्रीटाइप सांगितलेला आकार सुबक काढतं, कुठला आकार काढायचा हे त्याला ठरवता येत नाही. क, हलन्त, क अशी यादी दिली की ते तिन्ही आकार एकापुढे एक ठेवून मोकळं होतं. हार्फबझ जोडण्याचं काम मॅटप्लॉटलिबच्या विकासकांनी हाती घेतलं आहे, तेव्हा आपली आवृत्ती कोणती हे आधी पाहावं. शाळेतल्या संगणकावर एकदा बसवलेली आवृत्ती सहसा कोणी हलवत नाही.

सोलापूर का वाचतं, हेही यातच आलं. त्यात जोडाक्षर नाही आणि सगळ्या मात्रा अक्षराच्या नंतर, वर किंवा खाली लागतात. ऱ्हस्व इकाराचं तसं नाही. तो साठवला जातो अक्षराच्या नंतर आणि दिसायला हवा आधी. ही अदलाबदल करणारं कोणी नसेल तर ‘महिना’मधली वेलांटी ह ला सोडून न च्या डोक्यावर जाऊन बसते. ‘मिमी’मध्ये ती दुसऱ्या म वर जाते, आणि त्या बिचाऱ्या म ला एक ऱ्हस्व आणि एक दीर्घ अशा दोन वेलांट्या मिळतात. ‘वर्ष’मधला रफार वर चढत नाही, र पाय मोडून व आणि ष यांच्या मधे उभा राहतो. पर्जन्यमान, जिल्हा, वर्ष, महिना, मिमी असे पावसाच्या आलेखाला लागणारे शब्द घ्या, एकही धड राहत नाही.

इथे एक गंमत आहे. श्री-लिपी किंवा सीडॅकचे जुने फॉन्ट वापरून टाईप केलेला मजकूर याच मॅटप्लॉटलिबमध्ये, तोच जुना फॉन्ट देऊन, बऱ्यापैकी शाबूत उमटू शकतो. त्या फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले होते आणि ते दिसण्याच्या क्रमानेच साठवले जात. अर्धा क, वेलांटी, काना सगळं आधीच ओळीत. आकार निवडायची गरजच नाही. म्हणूनच कित्येक डीटीपीवाले अजून त्यांना धरून आहेत, आणि त्यांचं अगदीच चूक आहे असंही नाही. पण तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तोच मजकूर रोमन कचऱ्यासारखा दिसतो. शोधता येत नाही, क्रम लावता येत नाही, मोबाइलवर वाचता येत नाही. आज नवं काम त्यात करू नये असंच मी म्हणेन.

युनिकोडमध्ये राहून सुटायचे मार्ग आहेत. मला सर्वांत आवडतो तो एसव्हीजी या चित्रफाइलीचा. मॅटप्लॉटलिब एसव्हीजी फाइल करताना एरवी अक्षरांच्या रेघा काढून ठेवतं. ‘एसव्हीजी.फॉन्टटाइप’ला ‘नन’ ही किंमत दिली की ते रेघा न काढता मजकूर मजकूर म्हणूनच लिहितं. ती फाइल ब्राउझरमध्ये उघडली की जोडाक्षरं ब्राउझर जुळवतो आणि अक्कलकोट, वर्ष, महिना सगळे जागेवर येतात. यात अट एकच: जिथे फाइल उघडाल तिथे तो फॉन्ट असला पाहिजे. म्हणून छपाईला देण्याआधी इंकस्केपमध्ये उघडून अक्षरांचे आकार करून पीडीएफ काढावा. दुसरा मार्ग ‘पीजीएफ’ बॅकएंडचा. त्यात सगळी अक्षरं झीलाटेक्स जुळवतं, मराठीही आणि सूत्रंही. निकाल सर्वांत देखणा, पण लाटेक्सचं सगळं बिऱ्हाड संगणकावर आणावं लागतं. आणि मॅटप्लॉटलिबचाच हट्ट नसेल तर ग्नूप्लॉटचं ‘पीएनजीकैरो’ किंवा आर भाषेतलं ‘रॅग’ पॅकेज जोडाक्षरं मुळातच नीट काढतं.

एसव्हीजी वापरूनही एखादंच लेबल मोडलेलं राहिलं तर त्यात डॉलर चिन्ह आहे का ते बघा. लेबलात सूत्र आलं की ती सगळी ओळ मॅथटेक्स्टच्या ताब्यात जाते आणि तो प्रत्येक अक्षर मोजून-मापून सुटं ठेवतो, सूत्राबाहेरचं मराठीही. मग ब्राउझरला जुळवायला काही उरत नाही. मराठी मजकूर एका लेबलात आणि सूत्र दुसऱ्यात, शेजारी शेजारी, असं ठेवलं की दोन्ही सुखाने नांदतात.

जोडाक्षरं जुळली की बारकाव्यांकडे बघायला फुरसत मिळते. ‘वाऱ्याचा वेग’ लिहून पाहा. चंद्रकोरीसारखा अर्धा र न येता रफार आला तर बहुधा टाईप करताना ऱ ऐवजी साधा र पडला आहे. मराठी ल आणि श यांची वळणं हिंदीहून निराळी, आणि अक्कलकोटमध्ये ल आहेच. काही फॉन्टांत दोन्ही वळणं असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे सांगितल्याशिवाय मराठी वळण बाहेर येत नाही. एसव्हीजीत तशी भाषेची खूण घालता येते. ती कटकट नको असेल तर ‘टिरो देवनागरी मराठी’सारखा मुळातच मराठी वळणाचा फॉन्ट घ्यावा.

कन्नडचं दुखणं याच जातीचं, किंबहुना थोडं जास्तच. कन्नडमध्ये जोडाक्षरातला दुसरा वर्ण पहिल्याच्या खाली ‘ओत्तक्षर’ होऊन लागतो. गावाच्या नावातला जोड क तिथेही आहे, त्यामुळे जुळवणारं कोणी नसेल तर कन्नड अक्कलकोटही मोडतं. उपाय वर सांगितले तेच, फक्त फॉन्ट कन्नड. पण एक फरक ध्यानात ठेवायला हवा. चौकटीसाठी प्रोग्रॅम सूचना देतो, मोडक्या जोडाक्षरासाठी देत नाही. त्याच्या हिशेबी तिन्ही आकार सापडले, तिन्ही काढले, काम झालं. मराठी आलेखातली मोडतोड आपल्या नजरेला चटकन दिसते, कन्नड न वाचणाऱ्याला कन्नड आलेखातली दिसणार नाही. दोन्ही माध्यमांच्या शाळांना एकच तक्ता छापून जाणार असेल, तर छापखान्यात देण्याआधी कन्नड शाळेतल्या सरांकडून किंवा बाईंकडून तो एकदा वाचून घ्यावा.